ढाल निवडताना: अर्नाळ्याच्या समुद्रापासून ‘ईव्ह ऑनलाइन’पर्यंत

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत ‘आयएनएस अर्नाळा’ भारतीय नौदलात दाखल झाली. नाव वसई तालुक्यातल्या अर्नाळा किल्ल्याचं, वैतरणा नदीच्या मुखाशी समुद्रात उभ्या असलेल्या. लांबी ७७.६ मीटर, वजन दीड हजार टनांच्या आसपास, आणि मुख्य काम: किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरलेली पाणबुडी हुडकून काढायची आणि बुडवायची. नाव किल्ल्याचं असलं तरी या नौकेच्या अंगावर तटबंदी शोधून सापडणार नाही. जाड पोलादी चिलखत नाही, लांब पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रंही नाहीत. आहेत ती सोनार यंत्रं, टॉर्पेडो, पाणबुडीविरोधी रॉकेट, ३० मिलिमीटरची तोफ आणि पंख्याऐवजी पाण्याच्या झोताने पुढे रेटणारी वॉटरजेट यंत्रणा. हिच्या वाटेला कोणता शत्रू येणार आणि कोणता दुसऱ्या जहाजांनी अंगावर घ्यायचा, हे आराखड्याच्या कागदावरच ठरून गेलेलं आहे.

असाच निर्णय जगभरचे हजारो लोक रोज संध्याकाळी संगणकासमोर बसून घेतात. त्यांची जहाजं समुद्रात नसतात, अवकाशात असतात, आणि त्यांची ढाल पोलादाची नसून ऊर्जेची असते. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केला. तो अजून चालू आहे. त्याचा एक नियम नवख्याला पहिल्याच आठवड्यात चटका देतो. जहाज फुटलं की फुटलं. ‘पुन्हा खेळा’ असं बटण नाही. विम्याचे थोडे पैसे हातात पडतात, जहाजावर बसवलेली काही यंत्रं ढिगाऱ्यात शिल्लक राहतात आणि ती बहुधा मारणाराच गोळा करून नेतो. महिनाभर खनिजं खणून जमवलेली कमाई अर्ध्या मिनिटात जाऊ शकते. त्यामुळे या खेळात तोफा कोणत्या लावल्या यापेक्षा ढाल कोणती लावली यावर वाद जास्त रंगतात.

त्या वादात उतरण्याआधी मैदानाची ओळख करून घ्यायला हवी. ही प्रस्तावना त्यासाठीच आहे.

ईव्हमधल्या प्रत्येक जहाजाला तीन थर असतात. सगळ्यात बाहेर ढाल म्हणजे शील्ड, तिच्या आत चिलखत म्हणजे आर्मर, आणि शेवटी सांगाडा. ढाल संपली की मारा चिलखतावर येतो, चिलखत संपलं की सांगाड्यावर, आणि सांगाडा गेला की खेळ आटोपला. ढाल काही न करताही आपोआप हळूहळू भरून येते; चिलखत मात्र दुरुस्त करावं लागतं. मारा चार प्रकारचा असतो: विद्युतचुंबकीय, औष्णिक, आघाताचा आणि स्फोटाचा. खेळाडू त्यांना ईएम, थर्मल, कायनेटिक आणि एक्सप्लोझिव्ह असंच म्हणतात. कोऱ्या ढालीचा विरोध चौघांना सारखा नसतो. स्फोटाचा निम्मा मारा ती अडवते, आघाताचा ४० टक्के, उष्णतेचा २० टक्के, आणि ईएमचा शून्य. चिलखताचं गणित उलटं आहे. ते ईएमसमोर घट्ट उभं राहतं आणि स्फोटासमोर कच खातं. ढालीतल्या त्या शून्याला खेळाडू ‘भोक’ म्हणतात. ढाल निवडायची म्हणजे बहुतेक वेळा हे भोक किती बुजवायचं आणि त्यासाठी दुसरीकडे काय उघडं टाकायचं, एवढंच ठरवायचं असतं.

मग पहिला प्रश्न येतो तो शत्रूचा. संगणकाने चालवलेल्या चाच्यांच्या टोळ्यांच्या सवयी ठरलेल्या आहेत. गुरिस्तास टोळीचा भर आघातावर आणि उष्णतेवर, एंजल कार्टेलचा स्फोटावर, तर संशा आणि ब्लड रेडर्स यांचा ईएम आणि उष्णतेवर. गुरिस्तासच्या हद्दीत जाणाऱ्याने ईएमचं भोक बुजवण्यात जागा घालवली तर ती वाया गेली. समोर माणूस असेल तर अंदाज बांधावा लागतो. लेसर तोफा फक्त ईएम आणि उष्णतेचा मारा करतात, पण क्षेपणास्त्रं डागणारा चारांपैकी कोणताही प्रकार भरू शकतो, आणि तो समोरच्याचं भोक कुठे असेल हे ताडूनच भरतो.

शत्रू ओळखण्यात चूक झाली की चांगली ढालही कशी निकामी ठरते, याचं खरं उदाहरण अरबी समुद्रातच आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाच्या छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीजवळ पोहोचल्या. त्यांच्या समोर ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका होती, मूळची ब्रिटिशांच्या बॅटल वर्गातली. दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्यांशी झुंजायला म्हणून या वर्गाचा आराखडा झाला होता, त्यामुळे विमानविरोधी तोफांची तिला कमतरता नव्हती. ‘निर्घात’ने सोडलेलं स्टिक्स क्षेपणास्त्र अंधारातून उजळत येताना खैबरवरच्या लोकांना ते विमान वाटलं. त्यांनी बोफोर्स तोफा सुरू केल्या. तोफा चालल्या, माणसं जागेवर होती, कवायत चुकली नाही; पण ती ढाल दुसऱ्याच माऱ्यासाठी होती. दोन क्षेपणास्त्रांनी खैबर बुडाली.

आता ढालीचा हिशेब जवळून पाहू. समजा एका क्रूझरच्या ढालीची ताकद १०,००० अंकांची आहे. ईएम माऱ्यासमोर ती १०,००० चीच राहते, कारण विरोध शून्य. स्फोटासमोर निम्मा मारा अडतो, म्हणून तीच ढाल २०,००० इतकी टिकते. आता जहाजात एक जागा मोकळी आहे आणि खेळाडूपुढे दोन यंत्रं आहेत. पहिलं ढालीची ताकद सरळ २,६०० ने वाढवतं; त्याला एक्स्टेंडर म्हणतात. दुसरं ईएमचा निम्मा मारा अडवतं, ते हार्डनर. एक्स्टेंडर लावला तर ईएमसमोरची टिकाऊ ताकद १२,६०० होते आणि स्फोटासमोरची २५,२००. हार्डनर लावला तर ईएमसमोर ती एकदम २०,००० वर जाते, पण बाकी तीन प्रकारांसमोर एका अंकाचाही फायदा नाही. येणारा मारा माहीत असेल तर हार्डनरला तोड नाही. माहीत नसेल तर एक्स्टेंडर कुणालाच फार आवडत नाही, पण कुणाला तोंडघशीही पाडत नाही.

हार्डनर एवढा गुणी असेल तर चार लावावेत, असं कुणालाही वाटेल. खेळाच्या कर्त्यांनी ती वाट आधीच अडवली आहे. एकाच प्रकारच्या विरोधावर दुसरं यंत्र लावलं की ते आपल्या क्षमतेच्या सुमारे ८७ टक्केच काम देतं, तिसरं ५७ टक्के आणि चौथं जेमतेम २८ टक्के. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर टेकणाऱ्या ‘चौथ्या सीट’ला जेवढी जागा मिळते, तेवढाच या चौथ्या हार्डनरला वाव. त्यामुळे अनुभवी खेळाडू दोनावर थांबतात, क्वचित तिसरा लावतात, आणि उरलेली जागा दुसऱ्या कामाला देतात.

ही जागाच खरी टंचाईची वस्तू आहे. ढालीची यंत्रं जहाजाच्या मधल्या स्लॉटमध्ये बसतात, चिलखताची खालच्या. खालच्या स्लॉटमध्येच तोफांचा मारा वाढवणारी यंत्रं बसत असल्यामुळे ढालवाल्या जहाजाला जोरदार मारा करता येतो. पण मधल्या स्लॉटमध्ये वेगाचं इंजिन, शत्रूला पळू न देणारा अडसर, नेम आणि नजर वाढवणारी यंत्रंही बसतात. म्हणजे प्रत्येक एक्स्टेंडर जहाजाच्या डोळ्यांच्या किंवा पायांच्या जागेवर बसतो. सगळे मधले स्लॉट ढालीला दिलेलं जहाज बराच वेळ मार खाऊ शकतं, मात्र कुणाला गाठू शकत नाही आणि धरूनही ठेवू शकत नाही.

वेग आणि नजर यांतला हा व्यवहार समुद्रात किती महाग पडू शकतो, ते ९ डिसेंबर १९७१ ला दिसलं. दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. त्या दिवशी खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता. दूरचं ऐकू यावं म्हणून दिलेली ती किंमत होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. पाणबुडीविरोधी छोट्या नौकांचा विचार भारतीय नौदलात किती जिव्हाळ्याचा आहे, ते या घटनेकडे पाहिलं की समजतं. आजच्या अर्नाळाआधीही याच नावाची, सोव्हिएत संघाकडून घेतलेली पाणबुडीविरोधी नौका १९७२ पासून १९९९ पर्यंत नौदलात होती.

ढालीची दुसरी किंमत आकाराची. एक्स्टेंडर लावला की जहाजाची ‘सिग्नेचर’ वाढते, म्हणजे शत्रूच्या यंत्रांना ते मोठं दिसू लागतं. ईव्हमध्ये लहान फ्रिगेटची सिग्नेचर ३५-४० मीटरच्या आसपास असते आणि बॅटलशिपची ४०० मीटरच्या घरात. मोठ्या तोफांना लहान, वेगाने आडवं पळणारं लक्ष्य सापडत नाही. त्यामुळे कितीतरी फ्रिगेटवाले ढालीवर फारसा खर्चच करत नाहीत. जवळ जाऊन गरागरा घिरट्या घालणं हीच त्यांची ढाल. अशा जहाजावर मोठा एक्स्टेंडर चढवला तर ढाल जाड होते आणि पूर्वी चुकणारे गोळे बसू लागतात. चिलखताच्या पत्र्यांची किंमत वेगळी आहे. त्यांनी वजन वाढतं आणि जहाज वळायला जड होतं.

कोकणच्या आरमारी लोकांना हे गणित पाठ होतं. अठराव्या शतकातल्या मराठा आरमारात गुराब आणि गलबत ही मुख्य लढाऊ जहाजं. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची. तिच्या पुढच्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, हलकं आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. दोन्ही उथळ बांधणीची, म्हणून खाडीत सहज शिरणारी. युरोपी जहाजाच्या कुशीवर तोफांच्या रांगा असत; त्या रांगेसमोर उभं राहणं गुराबेला परवडणारं नव्हतं. म्हणून हल्ला व्हायचा तो पिछाडीकडून, जिथे मोठ्या जहाजाच्या तोफा कमी. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी खिळून राही आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत त्याच्या पाठीशी नेऊन ठेवत. जाड फळ्यांची ढाल त्यांनी घेतलीच नाही. कोन, वारा आणि उथळ पाणी यांवर भिस्त ठेवली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही या पद्धतीने जेरीस आणलं. ईव्हच्या भाषेत ही सिग्नेचर आणि वेगाची ढाल.

जाड ढाल घेणाऱ्यांचेही तीन पंथ आहेत. पहिला साठ्याचा. एक्स्टेंडरवर एक्स्टेंडर चढवून ताकदीचा मोठा साठा करायचा आणि तो संपण्याआधी लढाई उरकायची किंवा मदत मिळवायची. दुसरा भरण्याचा. शील्ड बूस्टर हे यंत्र जहाजाची वीज खाऊन ढाल पुन्हा पुन्हा भरतं. बूस्टर आवर्तनाच्या सुरुवातीलाच भर घालतो आणि चिलखताचं दुरुस्ती यंत्र शेवटी, त्यामुळे अगदी शेवटच्या क्षणी दाबलेला बूस्टरही जहाज वाचवून जातो. याच जातीचा एक बूस्टर कांड्यांवर चालतो. भरलेल्या कांड्या संपेपर्यंत त्याचा जोर अफाट, आणि मग पुन्हा भरायला एक मिनिट. चतुर शत्रू त्या मिनिटाचीच वाट बघत असतो. तिसरा पंथ निवांत ढालीचा. आपोआप भरण्याचा वेगच यंत्रांनी वाढवायचा आणि बाकी काही दाबायचं नाही. ड्रेक नावाचं जहाज यासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. यातली खुबी अशी की ढाल साधारण २५ टक्क्यांवर उतरते तेव्हा ती सगळ्यात वेगाने भरते. त्याखाली गेली की भरणं झपाट्याने मंदावतं. नवखा २५ टक्के पाहून घाबरून पळतो, जुना त्या आकड्यावर नजर रोखून तोफा चालवत राहतो.

साठ्याच्या पंथाला मदत वेळेवर लागते, आणि या बाबतीत वसईच्या किल्ल्याइतकं बोलकं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पोर्तुगीजांनी दोन शतकं बांधलेले तट जाडजूड होते आणि समुद्राची वाट उघडी असेपर्यंत किल्ला धान्य, दारूगोळा, माणसं मागवू शकत होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये अर्नाळा बेट मराठ्यांकडे आलं आणि तिथे किल्ला उभा राहिला, तशी उत्तरेकडची समुद्रवाट आवळली गेली. १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत उतरले, त्यामुळे गोव्याची मदत गोव्यातच अडकली. वसईच्या तटाची जाडी तेवढीच होती, भरणा थांबला होता. सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला.

ढाल स्वतः कशावर उभी आहे, हा पुढचा प्रश्न. बूस्टर आणि हार्डनर दोन्ही जहाजाच्या कपॅसिटरमधली वीज खातात. शत्रूकडे ही वीज शोषून टाकणारं न्यूट्रलायझर असेल तर तो ढालीवर एकही गोळी न झाडता ती विझवू शकतो. हार्डनर बंद पडला की बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. एक्स्टेंडरला वीज लागत नाही. गुणांत तो कमी, पण त्याला विझवता येत नाही. फॉकलंडच्या युद्धात ४ मे १९८२ रोजी ब्रिटिशांच्या ‘शेफील्ड’ विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, तेव्हा असंच काहीसं घडलं. येणाऱ्या रडारचा सुगावा देणारं यंत्र जहाजावर होतं, पण त्या वेळी उपग्रहामार्फत संदेशवहन चालू होतं आणि त्याच्या लहरींनी हे यंत्र बहिरं झालं होतं. क्षेपणास्त्राला चकवणारे धातूच्या चुऱ्याचे ढग सोडायला वेळच मिळाला नाही. ढाल होती, तिला जागं करणारी तार तुटलेली होती.

एकट्या जहाजाची निवड वेगळी आणि ताफ्याची वेगळी. ईव्हमध्ये ताफ्यासोबत दुरुस्तीची जहाजं असतात. बॅसिलिस्क आणि सिमिटार ढाल भरतात, गार्डियन आणि ओनायरोस चिलखत. एक प्रकार दुसऱ्याच्या कामाचा नाही. म्हणून ताफ्याचा म्होरक्या ‘आज शील्ड’ म्हणाला की सगळ्यांनी ढालच घेऊन यायची. चिलखताचं कितीही भारी जहाज घेऊन आलेला गडी तिथे ओझं ठरतो, कारण त्याला वाचवायला कुणाकडे यंत्रच नसतं. एकत्र राहण्याचाही धोका असतो. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या धक्क्याशी तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकमेकांना खेटून नांगरलेलं होतं. वॉटसनच्या इंग्रजी ताफ्याचा एक गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडून आग लागली, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जात आरमार जळून गेलं.

खेळातल्या सर्वांत गाजलेल्या संहारांपैकी एक झाला तो जानेवारी २०१४ च्या शेवटी, बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या ताराप्रणालीत. हद्दीचं भाडं भरायचं राहिलं, ताबा मोकळा झाला, आणि दोन आघाड्यांची महाकाय जहाजं समोरासमोर आली. दिवसभर चाललेल्या त्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, फुटले. खऱ्या पैशांत नुकसान तीन लाख डॉलरच्या वर गेल्याचा अंदाज तेव्हा काढला गेला. एवढ्या जहाजांनी मिळून एकावर मारा धरला की कोणत्याही टायटनची ढाल किंवा चिलखत मिनिटांत संपतं. तिथे लढत होती ती यंत्रं नव्हेत. कोण आधी कुणाकडे नेम धरायला सांगतो आणि राखीव जहाजं कधी उतरवतो, यावर निकाल लागला.

या विषयात नव्याने उतरणाऱ्याने क्रम असा ठेवावा. आधी कुठे जायचं आणि तिथे कोण भेटणार ते ठरवावं. मग त्याचा मारा कोणत्या प्रकारचा, हे पाहून भोक बुजवावं. एकटं जायचं की ताफ्यात, यावरून साठा घ्यायचा, बूस्टर घ्यायचा की निवांत ढाल, ते नक्की करावं. त्यानंतर वीज पुरते का आणि सिग्नेचर किती फुगली, ते तपासावं. सगळ्यात शेवटी जहाजाची किंमत मोजावी, आणि ते जहाज गमावलं तर दुसरं जहाज घेण्याइतके पैसे शिल्लक राहत नसतील तर स्वस्त जहाज निवडावं. जहाज फुटलं की खेळ एक अहवाल तयार करतो. त्यात प्रत्येक स्लॉटमध्ये काय बसवलं होतं, कुणी किती मारा केला आणि कशाने केला, हे सगळं नोंदलेलं असतं. वाचायला सुरुवात करायची तर तिथून करावी, आणि आधी आपल्यापेक्षा महाग जहाजं गमावलेल्यांचे अहवाल काढावेत.